सत्काराला उत्तर

"थोडक्यात आटोपतो," असं म्हणून प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले, त्याला आता बराच वेळ झाला होता. ते रॉक संगीताच्या इतिहासात शिरले होते आणि अजून परदेशातच होते. पुण्यात पोचायला त्यांना वेळ लागणार, हे समोर बसलेल्या सगळ्यांना कळून चुकलं होतं.

'रेड सिग्नल' या पुण्यातल्या बँडच्या पहिल्या कार्यक्रमाला चाळीस वर्षं झाली, म्हणून हा समारंभ. बँडमधले चौघे मंचावर ओळीने बसले होते, अंगावर शाल, मांडीवर नारळ. मागे ड्रम आणि गिटारी जोडून तयार होत्या. मंगल कार्यालय संध्याकाळी मिळालं नव्हतं, म्हणून हे सगळं रविवारी सकाळी चाललं होतं. दुपारी तिथे कुणाचं तरी डोहाळजेवण होतं, आणि फुलांचा झोपाळा घेऊन डेकोरेशनवाले दारात येऊन थांबलेही होते.

कार्यक्रम ठरवला होता केदारने. हिंजवडीत नोकरी करणारा हा मुलगा काकाच्या जुन्या कॅसेटवर या बँडची गाणी ऐकत मोठा झालेला. त्याला तरी काय दोष द्यायचा? आपल्याकडे एखाद्याचा मान करायचा म्हणजे आधी त्याला खुर्चीत बसवायचं. दीपप्रज्वलन, परिचय, शाल, स्मृतिचिन्ह हे सगळं झाल्याशिवाय वाजवणाऱ्याला वाजवू द्यायचं नाही.

गायक श्रीनिवास मात्र चार दिवसांत कुणाशी एक शब्द बोलला नव्हता. घसा बसलाय, असं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. खरं काय ते तिघांनाच ठाऊक होतं: तो, त्याची बायको उल्का आणि ड्रमर संजय. येत्या गुरुवारी त्याचं स्वरयंत्र काढणार होते. डॉक्टरांनी एक गाणं म्हणायला परवानगी दिली होती, तीही त्याच्या हट्टापायी. आवाज घोगरा झाला होता, पण रॉकमध्ये तेवढं खपून जातं. यातलं कुणाला काही कळता कामा नये, असं त्याने उल्काला बजावलं होतं. लोकांनी गाणं ऐकावं, आजार ऐकू नये, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

संजयने केदारला खुणेने जवळ बोलावलं आणि भाषणं आवरती घ्यायला सांगितलं. केदार म्हणाला, आता पाहुण्यांचं संपलं की श्रीनिवाससरांनी सत्काराला उत्तर द्यायचं, मग आभार, की लगेच गाणी. संजय म्हणाला, तो बोलणार नाही, त्याचा घसा बसलाय. घसा बसलाय तर मग गाणार कसे, असं केदारने अगदी काळजीने विचारलं.

तेवढ्यात कार्यालयाचे व्यवस्थापक मंचाच्या पायरीशी आले. पाऊण वाजता मंच रिकामा लागेल, झोपाळा बांधायला वेळ लागतो, असं ऐकवून ते निघून गेले. साडेबारा होऊन गेले होते. पाहुणे नुकते इंग्लंड सोडून अमेरिकेला निघाले होते.

पहिल्या रांगेतून उल्का उठली. पाणी प्यायला चालली असेल, असं शेजारणीला वाटलं. ती पायऱ्या चढून वर गेली आणि पाहुण्यांच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. माईक चालू आहे हे तिच्या लक्षात आलं होतं की नाही, ते तिचं तिलाच ठाऊक.

"सर, आपल्याला पुढच्या रविवारीही बोलता येईल," ती म्हणाली. "यांना नाही येणार. गुरुवारी यांचं स्वरयंत्र काढताहेत. तेवढं एक गाणं म्हणू द्या."

पाहुणे वाक्य अर्धं टाकून खुर्चीत जाऊन बसले. कुणी टाळी वाजवली नाही. श्रीनिवासने उल्काकडे पाहिलं. तो संतापला होता आणि तिला ते कळत होतं, पण तिने नजर वळवली नाही. मग त्याने शाल काढली, नारळ खुर्चीवर ठेवला आणि तो माईकपाशी आला. संजय ड्रमच्या मागे जाऊन बसला. बाकीच्या दोघांनी गिटारी गळ्यात घातल्या. संजयने काठीवर काठी वाजवून चार मात्रा दिल्या आणि गाणं सुरू झालं.

पहिली ओळ घोगरी आली, पण सुरात आली. उल्काने श्वास सोडला. दुसऱ्या ओळीला श्रीनिवासने समोर पाहिलं. सगळे ताठ बसले होते. हात मांडीवर, माना किंचित खाली. एक बाई डोळ्यांना रुमाल लावत होत्या. केदारला वर बघवत नव्हतं. शोकसभेला बसतात तशी सगळी मंडळी बसली होती.

श्रीनिवासने हात वर केला. गिटारी थांबल्या, ड्रम थांबला. आवाज गेला, असं उल्काला वाटलं. पण तो माईकवर वाकला. होता तेवढा आवाज त्याने गाण्यासाठी राखून ठेवला होता, आणि आता तो त्यातलाच खर्च करत होता.

"मी अजून आहे," तो म्हणाला. "उठा, आणि त्या खुर्च्या मागे घ्या."

कुणीच हललं नाही. लोक एकमेकांकडे बघत राहिले. मग मंचावर प्रमुख पाहुणे उठले, त्यांनी आपली मखमली खुर्ची दोन्ही हातांनी धरली आणि फरफटत भिंतीपर्यंत नेली.