उतरवायचा राहिलेला तारा

नाताळ सरला तशी नर्स रूथ दारावरचा कागदी तारा काढायला स्टुलावर चढली. तेवढ्यात शेजारची इतवारी धावत आली. तिचा नवरा उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेला, तो परतलाच नव्हता. वाघानं नेला, असं सगळे म्हणत. पण देह मिळाला नसल्यानं गोंडांच्या रीतीनं त्याच्या नावाचा दगडही रोवला नव्हता. “नोको काढू, बाई,” इतवारी म्हणाली. “उजेड पाहूनच तो येऊन राह्यला. काल कुंपणापर्यंत आला होता.” “चेहरा दिसला?” रूथनं विचारलं. “नाई. पण आज आंगनात येईल.” रूथला तिची समजूत घालायची होती, पण इतवारीच्या हातातलं नव्या तांदळाच्या भाताचं ताट पाहून ती तारा तसाच ठेवून उतरली. अंधारताच तिनं ताऱ्यातला दिवा लावला. इतवारीनं ताट अंगणात ठेवलं. कुंपणाबाहेर कोणीतरी खोकलं. तो जंगलात जाण्याआधीची दोन वर्षं त्या खोकल्याला रूथनंच औषध दिलं होतं.