पाच वाजेपर्यंतची नोट

“पाच वाजू देत ना,” बायको म्हणाली. “दोन-चार मिनिटांनी काय बिघडतंय?”

कारागिराला दम निघत नव्हता. त्यानं जुनी पन्नासची नोट टेबलावर पालथी घातली, तळहातानं सपाट केली आणि भिंग बायकोच्या पुढ्यात सरकवलं. आज संध्याकाळी पाचला ही नोट चलनातून बाद होणार होती. तिच्या मागचं चित्र त्यानं कोरलं होतं. नोटांच्या छापखान्यात, पोलादी पत्र्यावर, सगळं उलटं. म्हणजे कागदावर सुलटं उमटावं. शाळेच्या पायरीवर बसून पुस्तक वाचणारी एक बाई. तिला अकरा महिने लागले. पुढेही तो जन्मभर असंच बारीक कोरत राहिला आणि डोळे त्यातच कामी आले. आता भिंगातूनही बाईच्या जागी त्याला नुसता ढग दिसायचा.

चित्रात एक गुप्त खूण होती. त्या छापखान्याची तशी रीतच होती. खूण कोरणाऱ्यानं निवडायची आणि फक्त दोन वरिष्ठांना सांगायची. नोट चलनात आहे तोवर बाहेर ब्र काढायचा नाही, अशी शपथ.

बायको दर रविवारी विचारायची, “अहो, सांगा ना, काय खूण आहे?”

“नाही.”

“बायकोलासुद्धा नाही?”

“बायकोला तर मुळीच नाही.”

मग ती फणकाऱ्यानं चहा टाकायला उठायची. एकतीस वर्षं हे चाललं. ते दोन्ही वरिष्ठ कधीच गेले. खूण जाणणारा तो एकटा उरला होता. लग्नाच्या तारखेचीसुद्धा त्यानं आजच्या दिवसाइतकी वाट बघितली नसेल.

कारण ती खूण म्हणजे त्याची बायकोच होती.

जिवंत माणसाचा चेहरा नोटेवर घ्यायचा नाही असा नियम. त्यामुळे बाईचा चेहरा समितीनं ठरवला. नाक एका सभासदाच्या हट्टाचं, हनुवटी दुसऱ्याच्या, आणि कपाळ तर कुणाच्याच घरचं नव्हतं. स्वेटरबद्दल मात्र समितीला काही म्हणायचं नव्हतं. तेव्हा स्वेटर त्यानं घरचा घेतला.

नव्या संसारात बायको दवाखान्यात नर्स होती. सकाळची पहिली बस गाठायची धांदल. स्वेटरची बटणं रोज एका काजानं चुकायची, एक टोक वर, एक खाली. तो तिला दारात अडवायचा, सगळी बटणं काढायचा आणि पुन्हा नीट लावून द्यायचा. “सोडा, बस जाईल हो!” ती ओरडायची. बस कधी गेली नाही. दिवसभरातलं ते एक मिनिट त्याला फार आवडायचं. तीच चुकलेली बटणं त्यानं नोटेवरच्या बाईला लावली.

खूण नामी निघाली. खोट्या नोटा करणारे सगळं हुबेहूब उतरवायचे, पण ती बटणं दिसली की त्यांना राहवायचं नाही. ते ती सरळ करून टाकायचे. तीन टोळ्या निव्वळ टापटिपीपायी तुरुंगात गेल्या.

आणि नोट निघाली त्याच हिवाळ्यात बायकोला वळण लागलं. आरशासमोर उभी राहून, वरून खाली बोट फिरवून ती बटणं तपासायची आणि मगच बाहेर पडायची. माणूस कधीतरी सुधारायचाच, अशी त्यानं मनाची समजूत घातली. दारात उभं राहायची सवय मात्र त्याला सोडवली नाही.

“बाईचा स्वेटर बघ,” तो म्हणाला.

बायकोनं भिंग डोळ्याजवळ धरलं. बराच वेळ बघितलं.

“छान आहे.”

“अगं, बटणं बघ!”

“बघितली.”

“मग?”

“मग काय? जागच्या जागी आहेत.”

पत्रा झिजला म्हणून मागाहून कुणी नवा कोरला असेल, आणि त्या दीडशहाण्यानं बटणं सुधारली असतील? की बटणं चुकलेलीच होती, आणि तिलाच ती धांदलीतली मुलगी आठवत नव्हती? हे दुसरं त्याला जास्त लागलं. एवढी वर्षं जपलेली एकच गोष्ट त्यानं तिच्यापुढे ठेवली होती, आणि तिला ती दिसलीच नाही.

“राहू दे,” तो म्हणाला. “खुळेपणा माझा.” त्यानं चाचपडत नोटेची घडी घातली.

भिंतीवरच्या घड्याळात टोले पडायला लागले. बायको ते मोजत होती. पाचवा पडला तशी ती म्हणाली, “झाली ना आता बाद?”

“झाली.”

“म्हणजे शपथ सुटली?”

“सुटली. पण तुला जर दिसतच नाही…”

“न दिसायला काय झालं?” ती उठली आणि खुंटीवरचा स्वेटर काढून अंगात घालायला लागली. “दवाखान्यातून घरी येताना कंडक्टरनं सुटे दिले, त्यात ही कोरी नोट. आधी नोटेकडे बघितलं, मग स्वतःकडे. निघायच्या घाईत माझीही तशीच चुकलेली. बसमध्येच बटणं सारखी केली. सकाळी तुम्ही होतात हो नीट करायला, पण संध्याकाळी तुमची खूण अंगावर घेऊन गावभर फिरायचं होतं का मी?”

कारागिरानं घडी घातलेली नोट पुन्हा उलगडली.

“मग दर रविवारी विचारायचीस ते?”

“विचारायचं सोडलं असतं, तर मला कळलंय हे तुम्हाला कळलं नसतं?”

ती येऊन त्याच्यासमोर उभी राहिली. त्यानं हात पुढे केला आणि स्वेटर चाचपला. एक टोक वर होतं, एक खाली.

“लावा नीट,” ती म्हणाली. “बस जाईल हो.”