बावीसशे मीटरवर

"केबलचा हा जोड कालच केला ना तू?" गिरिधरने खड्ड्यात उतरलेल्या वैभवला विचारलं.

"हो काकाजी. पक्का आहे."

"पक्का आहे तर दवाखान्याची लाइन काहून बंद पडली?"

उमरेड रोडवरच्या दवाखान्याचं इंटरनेट दहा वाजल्यापासून ठप्प होतं. ऑफिसातल्या तपासणी यंत्राने केबल तिथून बावीसशे मीटरवर तुटल्याचं दाखवलं. ऑफिसपासून गाडीच्या काट्याने बावीसशे मोजले, की वैभवचा खड्डा. गिरिधरला एवढं पुरे होतं. आज त्याला घाई होती. मुलीचं, सोनिकाचं लग्न परवावर आलेलं. सकाळी मुहूर्तमेढ रोवून तो कपाळावरच्या कुंकवासकट कामावर आला होता. मागे थोड्या अंतरावर, रस्त्यालगतच्या त्याच्या घरची सनई इथवर ऐकू येत होती.

वैभवला हे काम त्यानेच शिकवलं होतं. घरात पिवळी नाजूक केबल, जमिनीखाली कवचाची काळी. घट्ट वाकवायची नाही. आणि दर खड्ड्यात पुढच्या दुरुस्तीसाठी वीस मीटर गुंडाळून ठेवायची. आपण शिकवलेल्या माणसानेच नाक कापलं, याचा त्याला संताप आला.

"असल्याले कामावर ठेवू नका," तो कडेला उभ्या असलेल्या इंजिनियर माया मॅडमना म्हणाला.

वैभव खड्ड्यातून वर आला. त्याने मनाशी काहीतरी हिशेब केला आणि "आलोच" म्हणून रस्त्याने मागे चालत गेला. परतला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"मॅडम, जोड माझाच खराब आहे. काकाजी बरोबर बोलून राहिले."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

हत्यारं खाली ठेवून वैभव निघून गेला.

गिरिधर पुटपुटत खड्ड्यात उतरला. जोडाची पेटी उघडली. केबलमधले काचेचे बाराही तंतू जागच्या जागी, स्वच्छ. जोडात काडीची खोट नव्हती.

मग हा खोटं काहून बोलला?

त्याची नजर पायाशी पडलेल्या गुंडाळीवर गेली. वीस मीटर. ऑफिसपासून इथवरच्या वाटेत असे दहा खड्डे. यंत्र केबल मोजतं, रस्ता नाही; आणि दोनशे मीटर केबल तर या गुंडाळ्यांतच होती. म्हणजे तुटलेली जागा दोनशे मीटर मागे होती. घाईत तो हे साफ विसरला होता.

तो अंतर मोजत निघाला. सनई जवळ येत गेली.

दोनशे मीटर पुरे झाले, तेव्हा समोर हळद लावलेली मुहूर्तमेढ उभी होती. सकाळी तिच्या खड्ड्यात काहीतरी टणक लागलं, तेव्हा पहार त्याने स्वतःच आणखी जोराने मारली होती.