दोन डब्या आणि एक अंगाई

"एका खोलीत बसणार नाही," आईनं पुन्हा सांगितलं, आणि लेकीनं मुकाट्यानं पिशवीतून दुसरी डबी काढली.

डबी म्हणजे ऑडिओ इंटरफेस. माइकमधला आवाज कॉम्प्युटरच्या पोटात नेऊन सोडणारं, तळहातावर मावेल एवढं यंत्र. लेक घरी बसून पुस्तकं वाचायची आणि रेकॉर्ड करायची, त्यामुळे एक डबी तिची स्वतःची होती. पण तिच्यात माइक एकच लागायचा. दुसरी तिनं मैत्रिणीकडून मागून आणली होती, कारण आई झोपायच्या खोलीत बसून गाणार होती आणि बाबा स्वयंपाकघरात.

वर्षभर त्या दोघांमध्ये विस्तव जात नव्हता. येत्या आठवड्यात बाबा धाकट्या काकांकडे कायमचे राहायला जाणार होते. त्यांच्या पान्यांची आणि पकडींची खोकी दोरीनं बांधून दाराशी तयार होती.

आणि लेकीला सातवा महिना लागला होता. ती तान्ही असताना या दोघांनी मिळून एक अंगाई रचली होती. एक ओळ आईची, एक बाबांची, शेवटचं कडवं दोघांचं. तीच तिला आपल्या बाळासाठी हवी होती. आजी-आजोबा एकत्र असलेली दुसरी कुठलीच गोष्ट बाळाच्या वाट्याला येणार नाही, याचं तिला फार वाईट वाटत होतं.

दोन डब्या मिळून एकच आहे, असं कॉम्प्युटरला पटवणं सोपं होतं. गोम घड्याळांची होती. प्रत्येक डबीच्या आत स्वतःचं घड्याळ असतं, आणि दोन घड्याळं कितीही चांगली असली तरी हळूहळू एकमेकांपासून सरकतात. रेकॉर्डिंग लांबलं की एक आवाज दुसऱ्याच्या मागे पडायला लागतो. त्यावर उपाय म्हणजे एका डबीनं दुसरीच्या घड्याळाप्रमाणे चालायचं.

हे तिनं भाबडेपणानं दोघांनाही समजावून सांगितलं, आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं. आईला आधी कळायला हवं होतं, कुणाची डबी कुणाचं ऐकणार. बाबांनी स्वयंपाकघरातूनच कळवलं, की आयुष्यभर ऐकून घेतलं तेवढं पुरे, आता डबीला तरी सोडा. आईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. शेवटी लेकीनं हात टेकले. दोन्ही घड्याळं चालू देत आपापल्या तालात, ती म्हणाली, सरकलेलं मी मागाहून जुळवीन. सुरुवातीला आणि शेवटी ती दोन खोल्यांच्या मध्ये उभी राहून एकेक टाळी वाजवणार होती. टाळी दोन्ही माइकमध्ये उमटली की कोण किती मागे पडलं ते कळतं.

"मागे पडलेलं जुळवता येतं?" बाबांनी विचारलं.

"आवाजाचं येतं, बाबा."



राहता राहिला नळ. बाबा प्लंबर. गावभरचे नळ त्यांनी सरळ केले, पण घरातला ओट्यावरचा नळ कित्येक वर्षं ठिबकत होता. आईच्या तक्रारींत त्याचा नंबर पहिला असायचा. हा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येईल, असं लेकीनं सांगून पाहिलं.

"वॉशर गेलंय. उद्या आणतो," बाबा म्हणाले. हे ते नेहमीच म्हणत. तोही आवाज मागाहून पुसून काढू, असं तिनं ठरवलं.

एकमेकांचं गाणं ऐकू यावं म्हणून तिनं दोघांच्या हातात वायर गुंडाळलेले हेडफोन दिले. चुकलं तर थांबू नका, पुन्हा म्हणा, मशीन चालूच राहील, असं बजावलं.

"तू बाहेर जिन्यात बस," आई म्हणाली. "कुणी लिफ्टचं दार आपटलं तर सगळं मुसळ केरात. आणि हाक मारल्याशिवाय आत येऊ नकोस. तू समोर असलीस की माझा सूर लागत नाही."

लेकीनं मशीन चालू केलं, टाळी वाजवली आणि दार ओढून घेतलं.

जिन्यात दुपारचं ऊन पायऱ्या उतरत खाली चाललं होतं. ती भिंतीला टेकून बसली, पोटावर हात ठेवून. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग दाराच्या फटीतून गाणं आलं, गोधडीच्या आतून यावं तसं. तिचे डोळे जड झाले. अर्धवट झोपेत ती पुन्हा एवढीशी झाली होती, आणि दोन्ही बाजूंनी कुणीतरी तिला थोपटत होतं. कुठला हात कुणाचा, ते काही कळत नव्हतं.

हाक आली तेव्हा ऊन खालच्या मजल्यावर पोचलं होतं.

तिनं आत येऊन शेवटची टाळी वाजवली, मशीन बंद केलं. बाबा ओट्यापाशी उभे राहून पाणी पीत होते. त्यांच्या हेडफोनची वायर तिनं दिली होती तशीच, छान गुंडाळलेली होती. आई पलंगावरची चादर सारखी करत होती. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

"जमलं?" लेकीनं विचारलं.

"बघ आता तूच," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपल्या घरी कामाला बसली. डोळे मिटून ऐकायची तिला सवय होती; डोळे उघडे असले की कान आळशी होतात, असं ती म्हणायची. आधी बरीच शांतता होती. मग बाबांची बेसूर सुरुवात, आईचं चुकणं, पुन्हा सुरुवात. शेवटच्या कडव्यात मात्र दोघं एका सुरात, एका श्वासात गात होते. कुठं केसभरही फरक नव्हता. तिला रडू आलं.

डोळे पुसल्यावर कामाची खोड जागी झाली. तिनं शेवटच्या टाळ्या मोठ्या करून पाहिल्या. बाबांच्या डबीतली टाळी आईच्या डबीतल्या टाळीच्या चांगलीच मागे होती. म्हणजे घड्याळं सरकली होती. मग आवाज कसे सरकले नाहीत? तिनं बाबांचा ट्रॅक, म्हणजे त्यांच्या डबीतलं रेकॉर्डिंग, पुढे ओढून टाळीला टाळी भिडवली आणि पुन्हा ऐकलं. गाणं होतं तिथंच होतं, तसूभरही हललं नव्हतं.

आपलंच काहीतरी चुकलं असेल म्हणून तिनं आईचा ट्रॅक बंद केला, हेडफोन कानांवर दाबून धरले, आणि एकट्या बाबांचा ट्रॅक अगदी पहिल्यापासून लावला.

टाळी वाजली, बाहेरचं दार लागलं, खुर्ची सरकली, पावलं लांब गेली, झोपायच्या खोलीचं दार लागलं, आणि मग शेवटच्या टाळीआधी तीच पावलं परत येईपर्यंत नुसता नळ ठिबकत होता.