फळीवरची रोवणी

तलावावरच्या तीन दिवसांच्या शिबिरात मधुकरराव फळीवर उभं राहून वल्हं मारायला शिकले आणि चौथ्या दिवशी प्रमाणपत्र घेऊन थेट आपल्या बांधीच्या धुऱ्यावर उभे झाले. खाली बांधीतल्या चिखलात सहा बाया धान रोवत होत्या.

"कमरेतून वाकलं का मणका गेलाच समजा! गुडघे थोडे दुमडायचे, पाठ सरळ, अन् जोर हातातून नाही, पोटातून!"

सहाही बाया ताठ उभ्या झाल्या.

"काहून थांबल्या व? उपटलेले धानाचे पऱ्हे सुकून राहिले!"

"तुम्हीच त सांगतलं जी, वाकू नोका," कुंताबाई म्हणाली.

"अवं, ते फळीवरच्या माणसासाठी होतं!"

"मंग आना ना फळी."

फळी आली. सहाही बाया तिच्यावर दोन्हीकडे पाय सोडून बसल्या आणि बसल्याबसल्या रोवत गेल्या. सांजेपर्यंत चार बांध्या हिरव्या झाल्या, एकीचीही कंबर दुखली नाही. दुखली ती दोर खांद्यावर घेऊन फळी ओढणाऱ्या मधुकररावांची. ते वाकले की मागून कुंताबाई हाक द्यायची,

"भाऊ, पाठ सरळ! जोर पोटातून!"