बाबांच्या नावाचा फॉन्ट

“रेघ मोडली की अक्षर लंगडतं, पोरी!” दुकानांच्या पाट्या रंगवताना बाबा म्हणायचे, ते लेकीच्या कानात लहानपणापासून घर करून होतं. मोठेपणी तिने गावभरच्या त्या जुन्या पाट्यांचे फोटो काढले, अक्षर न् अक्षर संगणकावर उतरवून फॉन्ट केला, त्याला बाबांचं नाव दिलं आणि डिजिटल कला महोत्सवाला पाठवला. तो निवडला गेला.

आज दालनातल्या भल्यामोठ्या पडद्यावर ती अक्षरं झळकत होती, पण बाबांच्या जिवाला थारा नव्हता. दहादा उठले, दहादा बसले.

“अहो, पायाला भिंगरी लावलीय का? बसा की,” आई हसून म्हणाली.

“फॉन्टचं नाव बदलता येईल का गं?” त्यांनी लेकीला तिसऱ्यांदा विचारलं.

“बाबा, नवऱ्यामुलासारखे लाजताय काय! जा, तुम्हाला बोलावतायत.”

बाबांनी माईक हातात घेतला आणि प्रेक्षकांत बसलेल्या आईकडे बोट केलं.

 

“ती मागे बसलीय ना, माझी बायको, अक्षरं तिची आहेत. घरी पाटीवर खडूने आखून द्यायची ती. मी फक्त रंग भरायचो.”