पुढचा भाग

नवऱ्यानं आपला चहाचा कप तिच्यासमोर सरकवला आणि तिचा स्वतःकडे ओढून घेतला. अगदी सहज केल्यासारखं. सासू आपल्या कपाला हात न लावता बसली होती. चहावर साय धरत होती.

नवऱ्यानं सरकवलेला कप तिनं अर्धा पिऊन दाखवला.

टेबलावर मासिक होतं. त्यात तिच्या कथेचा पहिला भाग आला होता. कथेतली बायको नवऱ्याच्या दुधात झोपेच्या गोळ्यांची पूड मिसळते आणि पेला घेऊन त्याच्या खोलीत जाते, तिथे तो भाग संपत होता. कथेतल्या नवऱ्याचं सायकलींचं दुकान होतं. तिच्या नवऱ्याचं औषधांचं. दुपारी गल्ल्यावर ती बसायची आणि गिऱ्हाईक नसलं की तिथेच लिहायची.

"गिऱ्हाइकं विचारतात, वहिनींच्या हातचं जेवता ना अजून?" तो म्हणाला.

"मग काय सांगितलंत?"

"हसलो. काय करणार?" त्यानं कप नाकाशी नेला. "गोळ्यांचा साठा मोजला आज."

"बरोबर भरला?"

"भरला. तरी विचारतो, हे सुचलं कुठून?"

"बसल्या बसल्या."

"बसल्या बसल्या बायकांना स्वेटर सुचतात."

"पुढचा भाग उद्या द्यायचाय," ती म्हणाली. "नाही दिला तर संपादक पुन्हा माझं काही घेणार नाहीत."

"नको घेऊ देत. मुलांच्या आरोग्यावर लिही. गोवर आहे, जंत आहेत, विषयांना काय तोटा? मी तपासून देईन. आणि उद्यापासून दुकानात यायचं नाही." तो आईकडे वळला. "आई, तू तरी सांग हिला."

"ऐक गं त्याचं," सासू म्हणाली.

चहा तसाच ठेवून तो दुकानात निघून गेला.

ती कप घेऊन स्वयंपाकघरात आली. मागोमाग सासू आली आणि तिनं आतून कडी घातली. ओट्यावरचे डबे बाजूला सारून हातभर जागा केली. सुनेच्या हातातले कप काढून घेतले.

"बस इथे. लिही."

"आत्ता तर तुम्ही म्हणालात, त्यांचं ऐक."

"तो ऐकत होता, म्हणून म्हणाले."

सुनेनं कागद काढला, पण पेनचं टोपण उघडेना. लिहिलेलं सासूच्या हाती लागलं की थेट नवऱ्याच्या हातात जायचं. आजवर घरातली कुठली गोष्ट गेली नव्हती?

सासूला ते कळलं असावं. तिचं डावं मनगट सासरे असताना कधीतरी मोडून वाकडंच सांधलं होतं. ते चोळत ती ओट्याला टेकली.

"तुझ्या गोष्टीतला नवरा दूध पुरं पिणार नाही," ती म्हणाली. "पहिल्याच घोटाला कळतं."